उरलेले साडेतेवीस तास

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची फिजिओथेरपी म्हटले, की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढे येते. फिजिओ घरी येतात, अर्धा तास थांबतात. आधी पायाची बोटे, मग घोटा, गुडघा, खुबा, मग दुसरा पाय, मग हात, असा एकेक सांधा हलवून देतात, एखाद्या दिवशी मशीन लावून करंट देतात, शेक देतात आणि पुढच्या घरी जातात. घरच्यांना वाटते, आजचा व्यायाम झाला. सातारा असो की सांगली, कराड असो की तासगाव, या अर्ध्या तासासाठी लोक पोटाला चिमटा काढून पैसे बाजूला ठेवतात. त्या अर्ध्या तासाला काहीच अर्थ नाही असे मला म्हणायचे नाही. पण मल्टिपल स्क्लेरोसिसने, म्हणजे एमएसने, ज्यांचे चालणे पूर्ण थांबले आहे त्यांच्या बाबतीत उपचाराचे खरे मैदान उरलेल्या साडेतेवीस तासांत आहे. माणूस कसा झोपतो, कशावर बसतो, खुर्चीवरून पलंगावर कसा जातो, दिवसातून किती वेळ पायांवर भार येतो, खोकला किती जोरात काढता येतो, यांवर त्याची पुढची दहा वर्षे ठरतात. उपलब्ध संशोधनही, जेवढे आहे तेवढे, याच बाजूने बोलते.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर उलटते. तंतूंभोवतीचे मायलिनचे वेष्टन जागोजागी झडते, संदेश अडखळतो, आणि पुढे कित्येक ठिकाणी तंतूच मरतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ मार्ताँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे वेगळेपण मांडले. त्यातून येणारे अपंगत्व मोजण्याची आज जगभर वापरली जाणारी पट्टी अमेरिकी मज्जातज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये सध्याच्या रूपात आणली. ती शून्यापासून दहापर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढते. सहावर माणसाला चालायला काठी लागते, साडेसहावर दोन्ही बाजूंनी आधार. सातवर आधार घेऊनही पाच मीटरपलीकडे जाता येत नाही आणि चाकाची खुर्ची येते. आठवर दिवस खुर्चीत किंवा पलंगावर जातो, पण हात बऱ्यापैकी कामाचे असतात. नऊवर माणूस अंथरुणावर असतो, बोलू शकतो, भरवले तर खाऊ शकतो. दहा म्हणजे मृत्यू. इथे जे लिहिले आहे ते साडेसहाच्या पुढच्यांविषयी आहे.

अशी माणसे आपल्या भागात आहेत तरी किती, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते. मंगळूर शहरात लेखा पंडित आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत लाखामागे आठच्या थोडे वर असे प्रमाण आले. मुंबईच्या पारशी समाजात नोशीर वाडिया यांना ते १९९०च्या सुमारास लाखामागे २६ मिळाले होते, पण तो समाजच आनुवंशिकदृष्ट्या वेगळा. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख होती. मंगळूरचा आकडा जसाच्या तसा इथे लावणे धाडसाचे आहे, तरी लावून पाहिला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून पावणेपाचशेच्या आसपास माणसे येतात. म्हणजे तालुक्याला वीस-पंचवीस, आणि त्यांतली तीव्र अपंगत्व आलेली त्याहून कितीतरी कमी. गावात दुसरा कुणी एमएसवाला नसतोच. शेजारी त्याला लकवा म्हणतात, नातेवाईक नसांचा आजार म्हणतात, आणि गावातला अनुभवी माणूस लकव्यावर जे करतात तेच करायला सांगतो. अर्ध्या तासाची सवय मुळात तिथून आली असावी. लकव्यात एकदा धक्का बसतो आणि मग काही महिने शरीर सावरत जाते, म्हणून तिथे 'अजून थोडे दिवस व्यायाम करा, पाय येईल' हे वाक्य बऱ्याचदा खरे ठरते. एमएसच्या पुढच्या टप्प्यात ते वाक्य खोटे ठरते, आणि पाय आला नाही म्हणून सगळेच सोडून दिले जाते.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो वरवरचा नाही. आजार वाढतच जाणार असेल, मेलेले तंतू परत येणार नसतील, तर व्यायामाने काय साधणार? उत्तरासाठी एक हिशेब वेगळा मांडावा लागतो. अंथरुणावरच्या माणसाच्या शरीरात दोन प्रकारची हानी साचत असते. एक आजाराने केलेली आणि दुसरी न वापरल्याने झालेली. पायात ताकद नाही, ही आजाराची करणी. पण गुडघे वाकून तसेच आखडले, टाच वर ओढली जाऊन पाऊल सरळ टेकेनासे झाले, मांड्या एकमेकींना इतक्या चिकटल्या की स्वच्छता करता येईना, माकडहाडावर जखम झाली, हाडे ठिसूळ झाली, पोट साफ होईना, छातीत कफ साचला, ही सगळी यादी दुसऱ्या खात्यातली आहे. पहिल्या खात्यावर फिजिओथेरपीचा अधिकार चालत नाही. दुसऱ्यावर बराच चालतो. आणि तीव्र अपंगत्व आलेल्या माणसाला दवाखान्यात भरती व्हावे लागते ते बहुतेक वेळा दुसऱ्या खात्यातल्या गोष्टींमुळेच: बेडसोर चिघळला, न्यूमोनिया झाला, लघवीत जंतुसंसर्ग झाला.

हा फरक केवळ तर्काने काढलेला नाही. लंडनमध्ये जेनी फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वाढत्या एमएसच्या ६६ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना पुनर्वसनासाठी रुग्णालयात दाखल केले, बाकीचे प्रतीक्षा यादीवर राहिले. सहा आठवड्यांनी तपासले तेव्हा मज्जासंस्थेची हानी दोन्हीकडे होती तशीच होती. पण दाखल केलेल्यांची रोजची कामे करण्याची क्षमता आणि जगण्यातला सहभाग सुधारलेला होता. आजार जागच्या जागी आणि माणूस थोडा पुढे, असे हे चित्र. दोन वर्षांनी त्याच गटाने पुढचे निष्कर्ष दिले, आणि ते मला जास्त बोलके वाटतात. घरी गेलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला, तर मिळालेला फायदा साधारण सहा महिने टिकला आणि मग ओसरत गेला. म्हणजे एकदा करून टाकायचा हा उपचार नव्हे. विहिरीतला गाळ एकदा काढला म्हणून ती जन्मभर स्वच्छ राहत नाही.

औषधांचा मुद्दा पटकन संपवतो, कारण या टप्प्यावर त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. सुरुवातीपासूनच वाढत जाणाऱ्या एमएसवर परिणाम दाखवणारे ओक्रेलिझुमॅब हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते मोठे यश होते. पण ज्या चाचणीच्या जोरावर ते मान्य झाले, तिच्यात कुर्ट्झकेच्या पट्टीवर तीन ते साडेसहा यांमधलेच रुग्ण घेतले होते. सातवर, आठवर असलेल्या माणसाला त्या आकड्यांतून काहीच हाती लागत नाही. त्याच्यापुढे मुख्यतः त्रास कमी करणारी औषधे आणि फिजिओथेरपी एवढेच उरते.

दुसरा आक्षेप असा, की व्यायामाने आजार बळावतो. याला आपल्या मुलखात एक वेगळीच धार आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार नेले. या भागात व्यायाम म्हणजे मेहनत, मेहनत म्हणजे घाम, आणि घाम आला नाही तर तो व्यायाम नव्हे. एमएसच्या माणसाला नेमकी हीच समजूत भोवते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते. पुढे कळले, की दोष श्रमाचा नसून त्यामुळे वाढणाऱ्या उष्णतेचा आहे. वेष्टन झडलेल्या तंतूतून जाणारा संदेश शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडू शकतो. एके काळी गरम पाण्यात बसवून हा आजार ओळखण्याची रीत होती. त्यामुळे मे महिन्यात जत, आटपाडी किंवा माणमध्ये दुपारी तीन वाजता पत्र्याखाली व्यायाम करून घेतला आणि माणूस चिंध्यांच्या बाहुलीसारखा गळून पडला, तर आजार वाढला असे वाटणे साहजिक आहे. तो वाढलेला नसतो. शरीर थंड झाले की ताकद होती तिथे परत येते. पहाटेची वेळ, मानेवर ओला पंचा, पंखा, मध्ये मध्ये विसावा, एवढ्यावर काम भागते.

अनेक दशके जगभरचे डॉक्टरही एमएसच्या रुग्णाला विश्रांतीच सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये जॅक पेटाजन यांनी ५४ रुग्णांवर पंधरा आठवड्यांचा व्यायामाचा प्रयोग केला, तिथून वारे फिरले. २०१४ मध्ये अशा २६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात आजार उलटण्याचे प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत ६.३ टक्के होते, करणाऱ्यांत ४.६. व्यायामाने आजार रोखला असा याचा अर्थ लावू नये, पण त्याने आजार भडकतो ही भीती निराधार ठरते. मात्र यातले बहुतेक रुग्ण चालते-फिरते होते, हे सांगितले नाही तर वाचकाची फसवणूक होईल. उष्णतेवरून आठवले: गरम तेलाने मालिश आणि वर शेक ही आपल्याकडची मायेची रीत एमएसमध्ये जपून वापरावी. ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही त्याला चटका बसलेलाही कळत नाही.

आता अर्ध्या तासाकडे वळू. त्या अर्ध्या तासातला मुख्य भाग सांधे ताणून धरण्याचा असतो, म्हणजे रुग्णाने काही करायचे नाही, दुसऱ्याने हलवायचे. त्याने सांधे मोकळे राहतात, हे इतके उघड वाटते की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ताण देण्यावरचे ४९ अभ्यास एकत्र केले गेले. लकवा, मज्जारज्जूची इजा, मेंदूची इजा, सगळे त्यात आले. निष्कर्ष असा, की सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत सांगण्याजोगा फरक पडत नाही. फिजिओथेरपीच्या विरोधकांना हे आयते कोलीत वाटेल. मला त्याचा अर्थ वेगळा दिसतो. जो गुडघा दिवसाचे तेवीस तास वाकलेलाच ठेवला आहे, त्याला दहा मिनिटे सरळ करून काय होणार? स्नायू आणि त्याभोवतीच्या उती ज्या लांबीत जास्त वेळ राहतात तीच लांबी धरतात. मग प्रश्न ताण किती द्यायचा हा राहत नाही. दिवसरात्र शरीर कोणत्या आकारात ठेवायचे, हा होतो. वाकलेल्या गुडघ्यांखाली कायमची उशी ठेवणे, जी माणसाला आरामाची वाटते आणि घरच्यांनाही प्रेमाची वाटते, ती या दृष्टीने सर्वांत वाईट सवय. त्यापेक्षा कुशीवर झोपवून दोन पायांच्या मध्ये उशी, पावलांना टेका, आणि दर दोन तासांनी कूस बदलणे, याला फी लागत नाही.

सांध्यांच्या आखडण्याबरोबर ताठरपणाचाही विचार लागतो. पायात वांब येतात, पाय एकदम ताणले जातात किंवा पोटाशी ओढले जातात, आणि मग गोळ्या वाढवल्या जातात. पण ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधावे. लघवीचा संसर्ग, तुंबलेले पोट, तुंबलेली लघवीची नळी, मांसात घुसलेले नख, घट्ट नाडी, चादरीची सुरकुती, यांपैकी काहीही असू शकते. माणसाला ते दुखत नाही, पण मज्जारज्जूला कळते आणि तो पायांतून ओरडतो. शिवाय ताठरपणा हा निव्वळ शत्रू नव्हे. काही जण त्या ताठर पायांवरच क्षणभर उभे राहून पलंगावरून खुर्चीत येतात. औषधाने पाय पूर्ण सैल झाले तर तेवढेही जाते. म्हणून गोळीचा डोस ठरवताना माणूस खुर्चीत कसा जातो, हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

उभे राहण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तीव्र एमएसमधला आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच विषयात आहे. ब्रिटनमध्ये जेनी फ्रीमन यांच्याच पुढाकाराने एक मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वाढत्या एमएसचे १४० रुग्ण, सगळे कुर्ट्झकेच्या पट्टीवर साडेसहा ते आठ या टप्प्यातले. निम्म्यांना घरी उभे राहण्याची चौकट दिली. ही चौकट साधी असते: गुडघ्यांपुढे टेका, कमरेमागे रुंद पट्टा, छातीपुढे एक टेबल. माणूस आपल्या ताकदीने उभा नसतो, चौकट त्याला धरून ठेवते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास, असे वीस आठवडे. ३६ आठवड्यांनी पाहिले तेव्हा हालचालींच्या मोजपट्टीवर चौकटवाल्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा सरासरीने ४.७ ने जास्त होते. संशोधकांनी अर्थपूर्ण म्हणून आधी ठरवलेला फरक नऊचा होता, तेवढा तो झाला नाही. स्नायू-सांध्यांचे तात्पुरते दुखणेही चौकटवाल्यांत जास्त आढळले. मला हा निकाल तरीही मोठा वाटतो. ज्या माणसांबद्दल 'आता काही होणार नाही' असे ठरून गेलेले असते, त्यांच्यात घसरणीच्या काळात थोडी तरी चढण दिसली, आणि तीही घरीच.

अशी चौकट परदेशातून मागवली तर किंमत ऐकून माणूस पुन्हा आडवा होईल. पण तिच्यात यंत्र असे काही नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कराडच्या ओगलेवाडीत फॅब्रिकेशन करणारा कारागीर माप दिले तर चौकोनी पाइप, फोम आणि पट्टे घेऊन ती उभी करू शकेल. माप मात्र फिजिओने घ्यायचे. गुडघ्याचा टेका नडगीवर चुकीच्या जागी आला तर जखम होते, आणि वर्षानुवर्षे न चाललेल्या पायांची हाडे ठिसूळ असतात. पहिल्या दिवशी अर्धा तास उभे करायचे नाही. बरेच दिवस आडव्या असलेल्या माणसाचा रक्तदाब उभे राहताच उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन मिनिटे, मग पाच, रक्तदाब पाहत, घोट्यांची सूज पाहत पुढे जायचे. ज्याचे सांधे आधीच पार आखडले आहेत किंवा हाड मोडून गेले आहे, त्याला उभे करायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

बसण्याची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. केंद्राच्या योजनेतून किंवा एखाद्या मंडळाच्या शिबिरातून खुर्ची मिळते, फोटो निघतो, खुर्ची घरी येते. ती बहुधा एकाच मापाची असते. रुंद बैठकीत बारीक माणूस एका कुल्ल्यावर कलतो, रेक्झिनची बैठक झोळीसारखी खाली जाते, कंबर तिरपी होते, पाठीचा कणा बाकतो, आणि एक हात कायम तोल सांभाळण्यात गुंततो. ज्या हाताने चमचा धरता आला असता तो हात खुर्चीचा दांडा धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच कमी साधनांच्या देशांसाठी खुर्चीचे मार्गदर्शक प्रसिद्ध केले आणि त्यात खुर्ची माणसाच्या मापाची व त्याच्या परिसराला साजेशी हवी, असे बजावले. बैठकीखाली प्लायची फळी, वर चांगल्या फोमची गादी, दोन्ही बाजूंना भरलेले टेके, पावले टेकतील अशी उंची: शिबिरातली खुर्चीही एवढ्याने सुधारते. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी केली आणि मध्ये एक गुळगुळीत फळी टाकली, तर माणूस उचलावा लागत नाही, सरकतो. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' आहे, आणि कोल्हापुरात त्यांनी अपंगांसाठी उभ्या केलेल्या कामामुळे या परिसराने खुर्चीला लाचारीचे चिन्ह मानणे थोडेफार सोडले आहे. एमएसच्या घरांत मात्र 'खुर्ची घेतली म्हणजे हरलो' ही भावना अजून घट्ट आहे. तिच्यापायी दोन-तीन वर्षे भिंत धरून पडण्यात जातात.

छातीचा मुद्दा लहान, पण जिवाशी गाठ असलेला. पाय गेल्याचे सगळ्यांना दिसते. श्वासाचे स्नायू दुबळे झाल्याचे दिसत नाही, कारण बसून असलेला माणूस धापा टाकत नाही. एक दिवस साध्या सर्दीत कफ निघत नाही आणि न्यूमोनिया होतो. बेल्जियममधल्या लोव्हेन इथे गॉसेलिंक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अठरा तीव्र रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिने रोज दोनदा, अडथळा असलेल्या नळीतून जोराने श्वास सोडण्याचा सराव. सराव करणाऱ्यांच्या खोकल्याची ताकद सुधारली. अठरा माणसे म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, पण उपायाला धोका जवळपास नाही आणि खर्चही किरकोळ. मोठ्याने पाढे म्हणणे, गाणे, अभंग म्हणणे हेही श्वासाचेच काम आहे. जेवताना पाठ टेकवून ताठ बसवणे आणि जेवणानंतर लगेच आडवे न करणे, हाही छातीचाच उपचार समजावा.

या सगळ्याला फिजिओथेरपी म्हणायचे का, असे एखादा तज्ज्ञ विचारील. फळी, उशी, चमचा, पलंगाची उंची हा खरे तर व्यवसायोपचाराचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, प्रांत. त्याची भारतातली सुरुवात एका अर्थाने आपल्या भागाशी जोडलेली आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. त्यांच्या नावाचे कमला निंबकर बालभवन फलटणमध्ये आहे. फलटणकरांना शाळा माहीत असते, बाईंचे मूळ काम फारसे माहीत नसते. राज्याच्या परिषदेचे नावच मुळी व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (म्हणजेच फिजिओथेरपी) अशा दोघांचे मिळून आहे. कागदावर ही भावंडे एकत्र नांदतात. तालुक्याच्या गावात व्यवसायोपचारतज्ज्ञ भेटणे कठीण, म्हणून त्याचे काम फिजिओने अंगावर घेण्याला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. साडेतेवीस तासांचा उपचार म्हणजे साडेतेवीस तासांची चाकरी, ती करायची कुणी? एमएस बायकांना पुरुषांच्या दुपटीहून जास्त होतो, आणि तोही विशी ते चाळिशीच्या काळात. म्हणजे ज्या घरात इतरांची उस्तवार जिने करायची तीच अंथरुणावर, आणि मग भार येतो म्हाताऱ्या आईवर, शाळकरी मुलीवर किंवा नवऱ्यावर, तो थांबला तर. त्यांना आणखी कामे सांगणे क्रूरपणाचे वाटू शकते. पण ही घरे आजही ते सगळे करतातच, फक्त जास्त कष्टाने. अवघडलेल्या, आखडलेल्या माणसाला उचलून न्हाणीत नेणाऱ्याची कंबर जाते. सरकवायला शिकवले तर ती वाचते. बेडसोरच्या पट्ट्या रोज बदलण्यापेक्षा रात्री उठून कूस बदलणे कमी कष्टाचे. तरीही रात्री उठणारा माणूस उठणाराच राहतो, हे मान्य करावे लागते. त्यासाठी कायद्याने एक दार किलकिले केले आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे; आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांना तो मागण्याची तरतूद ३८व्या कलमात आहे. प्रमाणपत्र काढताना बहुतेक घरे एसटीच्या सवलतीपर्यंतच थांबतात.

राहता राहिले अंतर. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केले ते १८९४ मध्ये, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले १९६२ मध्ये. कराडला कृष्णा रुग्णालयाबरोबर फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. पण जतहून मिरजेला यायचे तर ऐंशीच्या आसपास किलोमीटर, आणि कोयनेकाठच्या एखाद्या वाडीतून कराडला यायचे तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत चौघांनी उचलून आणायचे. तीव्र अपंगत्वाच्या माणसासाठी आठवड्यातून तीनदा असा प्रवास हा उपचार नव्हे, शिक्षा आहे. इथे ब्रिटनच्या त्या चौकटीच्या चाचणीतला एक तपशील उपयोगी पडतो, जो निकालाच्या गदारोळात कुणी फारसा वाचत नाही. त्यात फिजिओ प्रत्येक रुग्णाच्या घरी फक्त दोनदा गेले, दर वेळी तासभर. त्यांनी चौकट बसवली, घरच्यांना शिकवले. पुढे सहा वेळा फोन केला, दर वेळी पंधरा मिनिटे. बेरीज साडेतीन तास. रोज अर्धा तास घरी येणाऱ्या फिजिओचे वीस आठवड्यांचे तास होतात सत्तर. जतच्या माणसाला सत्तर तास परवडणार नाहीत, साडेतीन परवडतील. फोन तर गावोगाव आहेच आणि आता त्यावर व्हिडिओही दिसतो. अडचण दुसरीकडेच आहे. आपल्याकडे फिजिओची फी 'सिटिंग'वर ठरते, हात लावून सांधे हलवले तर ती मिळते. उशी कुठे ठेवायची ते सांगितले, फॅब्रिकेटरला माप लिहून दिले, महिन्याने फोन करून टाचेवर लाली आली का विचारले, याची पावती कोणत्या नावाने फाडायची, ते अजून कुणी ठरवलेले नाही.